धागा तुटल्याची खूण

माग चालू असताना बोलायचं नसतं, हे सोलापुरात आल्यावर पहिल्याच दिवशी कळलं. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि माझाच आवाज मला ऐकू आला नाही. शेजारच्या मागावरचा माणूस हसला. त्याने दोन बोटं ओठांशी नेली आणि अंगठा दाराकडे केला. चहा आलाय, बाहेर चल. या गावातली मी शिकलेली पहिली भाषा ती. तेलुगू नंतर आली, कन्नडचे चार शब्द त्याहून नंतर.

माझं गाव तळकोकणात. आठवीत शाळा सुटली, मग काही वर्षं इकडेतिकडे मजुरी केली आणि कुणाच्या तरी ओळखीने अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर येऊन उभा राहिलो. अजून तिथेच उभा आहे. या गावाने मला पोटाला दिलं, बायको दिली, मुलगी दिली. त्याबद्दल कधी तक्रार केली तर माझी जीभ झडेल. पण घाबरट स्वभाव मी कोकणातून येताना सोबत आणला तो आणलाच. काही चांगलं झालं की आता याचं काय बिघडेल, एवढंच मला सुचतं.

तर मागावरच्या खुणा. मूठ डोक्यावर टेकवली की मालक आला. तर्जनी हवेत गोल फिरवली की माझ्या मागाकडे बघ, आलोच. आणि दोन्ही हातांच्या चिमटी एकमेकींना लावून झटक्यात लांब नेल्या की धागा तुटला. ही शेवटची खूण आम्ही कशालाही वापरतो. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची गाडी बंद पडली, कुणाच्या घरी भांडण झालं, सगळ्याला धागा तुटला. खुणेबरोबर ओठ हलतात, पण आवाज कुणी काढत नाही. फुकट दम कशाला घालवायचा?

बायको सांगोल्याकडची, मेंढरंवाल्या घरातली. ती आमच्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागावर ये-जा करणाऱ्या धोट्यात बसवायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. आमचं लग्नही बहुतेक खुणांवरच जमलं. नंतर मालकाने कारखान्याला लागून असलेली एक खोली राहायला दिली. भिंत एकच. अलीकडे आमची चूल, पलीकडे माग. दोन्ही पाळ्यांत खडखडाट. कामावरून घरी आलो तरी आम्ही ओठ हलवून आणि हात नाचवूनच बोलायचो. ते आम्हाला वेगळं वाटलंच नाही.

मुलगी त्या खोलीत वाढली. खडखडाटात गाढ झोपायची. उलट वीज गेली आणि माग थांबले की दचकून उठायची आणि रडायची. आम्ही म्हणायचो, पंखा बंद झाला, उकडलं असेल.

तीन वर्षांची झाली, साडेतीन झाली, पण बोलेना. ओठ हलवायची, हात हलवायची. भूक, पाणी, बाहेर ने, सगळं खुणेने व्यवस्थित सांगायची. आवाज निघायचा तो रडताना आणि हसताना. अंगणवाडीतल्या ताईंनी एक दिवस बायकोला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मागून हाक मारली तर बघत नाही ती. टाळी वाजवली तरी नाही. ऐकू येत नसेल हो. वेळेत तपासून घ्या, म्हणजे उपाय तरी होतो."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. सरकारी दवाखान्यात कान तपासायच्या मशीनसाठी सोमवार सकाळ मिळाली. ती मिळवायला किती खेटे घातले ते सांगत नाही. सोमवार चुकला तर पुन्हा रांगेत शेवटी.

त्याआधी पोरीला एकदा आपल्या आईच्या मांडीवर घालून आणायचं, असं बायकोने ठरवलं. शनिवारी आम्ही सांगोल्याकडे तिच्या माहेरी गेलो. तिथे तर सगळ्यांनी परीक्षाच मांडली. सासूबाईंनी मागून ताट बडवलं. मेव्हण्याने शिट्टी मारली. सासरे, म्हणजे आबा, घोंगडं झटकून "ए पोरी!" असे ओरडले की खुंट्याची शेळी उठून उभी राहिली. पोरगी आपली अंगणात बसून खडे मोजत होती. तिने मानसुद्धा वळवली नाही.

सासूबाईंनी ताट हळूच खाली ठेवलं. बायको चुलीकडे गेली आणि बराच वेळ धूर नसताना डोळे पुसत राहिली.

रविवारी दुपारी परत निघालो. एसटीला गर्दी, म्हणून आमच्या चाचांच्या टेम्पोने. चाचा म्हणजे सोलापुरातले टेम्पोवाले. आमच्या कारखान्याचे टॉवेल आणि चादरी तेच पोचवतात. त्या दिवशी सांगोल्यात माल उतरवून रिकामे परत चालले होते. पुढे तिघांची जागा, त्यात आम्ही साडेतीन. चाचांचं तोंड सांगोला सोडल्यापासून बंद नव्हतं.

"तुमी लूमवाली माणसं बोलायला लागली की मला वाटतंय भांडण चाललंय," ते म्हणाले. "जरा हळू बोल की रे बाबा, मी हितंच बसलोय."

"हळूच बोलतोय," मी म्हणालो.

"हौ, ऐकलं पार पंढरपुरात."

बायको हसली. शनिवारपासून पहिल्यांदाच.

अर्ध्या वाटेवर रस्ता अडला. उसाची ट्रॉली आडवी झाली होती आणि ऊस रस्ताभर पसरला होता. कुणाला लागलं नव्हतं, पण गाड्यांची रांग दिसेनाशी होईपर्यंत लांब. पुढचा ट्रकवाला खाली उतरून ऊस सोलत बसला होता, म्हणजे त्याने आशा सोडली होती.

चाचांनी डावीकडे बघितलं. एक कच्चा रस्ता माळावर चढत होता. "ह्याच्यानं जाऊ. पुढं निघतो रस्त्याला."

"चाचा, थांबू या की. कधीतरी सुटेलच."

"काय को घाबरता बाबा? बारा गावचं पाणी प्यालेला टेम्पो आहे."

टेम्पोला माहीत नव्हतं, मी कसल्या माळाला घाबरतो ते. आमच्याकडे कोकणात नजर टाकली की कुठेतरी अडते. झाड, डोंगर, घर, काहीतरी असतं. इथे नजर जाते ती जातच राहते. पिवळं वाळकं गवत, मध्येच एखादी बाभळ, आणि वर नुसतं आभाळ. इतकी वर्षं झाली तरी असा माळ बघितला की मी धरायला काहीतरी शोधतो. आणि आता तर डोक्यात एकच गोष्ट: सोमवार सकाळ. चाक पंक्चर झालं तर? रस्ता चुकला तर? तर माझ्या पोरीचा नंबर जाईल.

चाक पंक्चर झालं नाही. इंजिन तापलं. चढाच्या माथ्यावर वाफ दिसायला लागली आणि चाचांनी टेम्पो थांबवून बंद केला.

"लगेच झाकण उघडलं तर तोंड भाजंल. थंड होऊ दे. पाणी आहे माझ्याकडं, घालू आणि जाऊ." माझ्या चेहऱ्याकडे बघून ते पुढे म्हणाले, "तुझी सोमवार सकाळ कुटं पळून जात नै. उतर खाली."

तेवढ्यात त्यांच्या नमाजची वेळ झाली. त्यांनी सीटखालून एक जुनी चादर काढली, आमच्याच कारखान्यातली, रंग उडालेली, आणि टेम्पोपासून चार पावलं लांब, मावळतीकडे तोंड करून अंथरली. बाटलीतल्या थोड्या पाण्यात हातपाय धुतले.

आता त्यांना त्रास नको म्हणून आम्ही दोघं गप्प झालो. म्हणजे हातांवर आलो. मी बायकोला खुणेने विचारलं, किती वेळ लागेल? तिने खुणेने सांगितलं, बस खाली, काही होत नाही. इंजिन बंद, वारा पडलेला. अशा शांततेत माझ्या कानात एक बारीक शिट्टी वाजत राहते. सगळ्यांच्याच वाजत असेल, अशी माझी समजूत होती.

पोरगी आमच्या पायाशी बसून गवताच्या काड्या एकात एक घालत होती.

अचानक तिचा हात थांबला. मान वर झाली. आधी एका बाजूला कलली, मग वळली. आमच्या पाठीमागे उतारावर एक कोरडा ओढा होता, त्याच्या पलीकडच्या काठाची दरड पावसाने कापलेली. आमच्या कारखान्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्यावर. पोरगी उठून उभी राहिली, त्या दरडीकडे बघत. मग माझी विजार ओढली, आणि दोन चिमटी जोडून झटक्यात लांब केल्या.

धागा तुटला. तिकडे काहीतरी बिघडलंय.

मी बघितलं. दरड आणि गवत, दुसरं काही नाही. मी मान हलवली: काही नाही गं. तिने पुन्हा तीच खूण केली, या वेळी रागाने, आणि चालायला लागली. मी तिचा दंड धरला.

त्याच क्षणी दरडीच्या वरचं गवत हललं आणि त्यातून एक जनावर बाहेर आलं. मला आधी कुत्रं वाटलं. पण कुत्र्याचे पाय एवढे लांब नसतात, आणि कुत्रं माणसाकडे असं बघत नाही. अंगाचा रंग गवताचाच. पोट आत गेलेलं. तोंडात एक ससा लटकत होता.

टेम्पोकडे पळायचं म्हणून मी पोरीला उचललं, तर बायकोचा हात माझ्या छातीवर आडवा आला. तिने दुसऱ्या हाताने मागावरची खूण केली: उघडा पंजा, खाली दाबलेला. माग थांबव. आहेस तिथे उभा राहा. मग अगदी माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, "लांडगा हाय. पळू नका. पाठ दावू नका. त्याला आपलं काय पडलं न्हाय."

लांडगा उभा. आम्ही उभे. आमच्या बाजूला चाचा कपाळ टेकवून सजद्यात. त्यांना कसं सांगायचं? खूण करावी तर बघणार नाहीत, हाक मारावी तर लांडगा बुजेल. पोरीचं काळीज माझ्या हाताला लागत होतं, पण ते माझ्याइतकं धडधडत नव्हतं. ती लांडग्याकडे बघतच नव्हती. तिची नजर दरडीच्या खालच्या एका काळ्या भोकावर होती.

त्या भोकातून एक पिल्लू बाहेर आलं. काळपट, मांजराएवढं, पोट टम्म, पाय डगमगणारे. त्याच्यामागे आणखी एक. तिसरं अर्धं बाहेर येऊन पुन्हा आत गेलं. लांडगीने, आता ती मादी आहे हे मलाही कळलं, आमच्याकडे एकदा शेवटचं बघितलं. मग दरड उतरून खाली आली आणि ससा पिल्लांपुढे टाकला. पिल्लं त्याच्यावर न जाता तिच्याच पायात घुसली.

पोरगी हसली. मोठ्याने, आवाज काढून. लांडगीचे कान ताठ झाले. तिने एकेक करून पिल्लांना नाकाने ढकलत आत नेलं, ससा उचलून त्यांच्यामागे गेली, आणि दरड पुन्हा नुसती दरड झाली.

एव्हाना चाचांनी नमाज संपवली होती. पण ते उठले नाहीत, बसल्या जागीच होते, दोन्ही हात मांडीवर घट्ट.

"गेली?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"गेली," बायको म्हणाली.

"या अल्ला. नमाज संपताना दोन्हीकडं मान वळवून सलाम फिरवतोय, तर उजवीकडं तुमी उभे, डावीकडं लांडगा. मी दोघांनाबी सलाम केला." त्यांनी चादर झटकली, मग पुन्हा एकदा झटकली. "मला वाटतच होतं काहीतरी आहे. पिल्लं कधीची कुंईकुंई करत होती. नमाजमध्ये ध्यान लागू देईनात."

"कुंईकुंई?" मी म्हणालो. "कधी?"

"अरे, केव्हापासून! तू चांगला दोन पायांवर उभा होतास की."

"मला नाही ऐकू आली."

"मलाबी न्हाय," बायको म्हणाली.

चाचांनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "तुमाला कशी येणार? लूमनं खाल्लेत कान तुमचे. पोरीला विचारा की. तीच तर बघत होती तिकडं, लांडगी यायच्या आधीपासून. नमाजला उभा होतो, तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं मला."

मला वाटतं, आम्ही दोघं तो विचार हातात घ्यायला घाबरत होतो.

चाचांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढली. पोरगी पाठमोरी बसून दरडीकडे बघत होती. आधी त्यांनी तिच्यामागे दणदणीत टाळी वाजवली. काही नाही. मग गोळीचा कागद दोन बोटांत धरून हलकेच चुरगळला. मला काही ऐकू आलं नाही, खरं सांगतो. पण पोरीने गर्रकन मान वळवली आणि हात पुढे केला.

"घे," चाचा म्हणाले. "टाळी म्हणजे तिच्या लेखी माग. रात्रंदिवस तेच आदळतंय, त्याच्याकडं कोण बघतंय? कागद कधी ऐकलाय का तिनं तुमच्या घरात? हे असलं बारीक तुमच्याकडं ऐकू येतच नै."

बायको मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, मला अजून सांगता येत नाही. पोरीने आधी गोळी तोंडात घातली आणि मग आईच्या गालावरचं पाणी पुसत मला खूण केली: धागा तुटला? मी मान हलवली. नाही गं. जोडला गेला. पण ती खूण आमच्यात नाही, म्हणून मी नुसतं तिला उचलून घेतलं.

मी पुन्हा पुन्हा चाचांना कागद चुरगळायला लावला. शेवटी ते वैतागले. "आता बास की! सगळ्या गोळ्या संपवतोस काय?"

इंजिन थंड झालं. पाणी घातलं. टेम्पो पहिल्या फटक्यात चालू झाला, आणि ज्या रस्त्याला मी एवढा घाबरलो होतो तो थोड्याच वेळात मोठ्या रस्त्याला लागला. गाड्यांची रांग आमच्या मागे राहिली होती. गावाचे दिवे दिसायला लागले तेव्हा पोरगी झोपली होती.

बायको हळूच म्हणाली, म्हणजे आमच्या मानाने हळू, "आवं, आबांना सांगायचं न्हाय हं."

मला लगेच कळलं. तिच्या माहेरची मेंढरं त्याच पट्ट्यात चरतात. लांडग्याने त्यांची कोकरं नेलेली आहेत, एकदा तर तिच्या लहानपणी तिच्याच हातातलं. बीळ सापडलं की तोंडाशी धूर करून बुजवायचं, हे त्या घरात लहान पोरालाही येतं.

"सांगणार नाही," मी म्हणालो.

"चाचा, तुमी पण."

"मी? मला तर नमाजमध्ये काय दिसलंच नै." चाचांनी हॉर्न वाजवला, उगाच. "डोळे खाली असतात, बेटी."

म्हणून तो माळ कुठला, ओढा कुठल्या गावच्या शिवारातला, हे मी इथेही लिहिलेलं नाही.

सोमवारी सकाळी आम्ही वेळेच्या कितीतरी आधी दवाखान्याच्या दारात होतो. आदल्या संध्याकाळची खात्री रात्रीत पातळ झाली होती. योगायोग असेल, वास आला असेल, हालचाल दिसली असेल, असं सगळं माझ्या मनाने रचून ठेवलं होतं. डॉक्टर मॅडमनी पोरीच्या कानांवर मशीन लावलं, काचेच्या खोलीत बसवून बारीक आवाज सोडले. प्रत्येक वेळी तिने मान वळवली. मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कान उत्तम आहेत हिचे. घरी कुणी बोलत नाही का हिच्याशी?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि सवयीने ओठ नुसते हलवले. मॅडमनी ते पाहिलं. मग मला म्हणाल्या, "तुम्ही बसा बरं आता या खुर्चीत."

माझे कान किती गेलेत ते मी इथे लिहून उपयोग नाही. परत यायचे नाहीत. आता मागावर कापसाचे बोळे घालून उभा राहतो. मला त्याचं फार दुःख झालं नाही, खरंच. कुणाचे तरी खराब निघणारच होते, तर ते माझे निघाले. मी तर दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून पोरीबरोबर दोन वडापाव खाल्ले.

मालकाला सांगून आम्ही दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली. तिथे मागांचा आवाज येतो, पण लांबून. घरात आता आवाज काढून बोलायचं, असा बायकोचा नियम आहे. मी विसरलो, ओठ हलवले, की ती लाटणं दाखवते. "त्वांडानं बोला की! मुकं झालाय व्हय?"

पोरगी बोलायला लागली आहे. आईसारखं बोलते, न्हाय, हाय, कुटं. कोकणातलं एक अक्षर तिच्या तोंडात नाही. पण तिचा आवाज लहान आहे आणि माझ्या कानात ती शिट्टी असते, त्यामुळे ती काही सांगायला आली की पुष्कळदा मला निम्मंच कळतं. ती दोनदा सांगते. मग माझी विजार ओढते, मी खाली बघेपर्यंत थांबते, आणि तीच गोष्ट पुन्हा हातांनी सांगते. मला येईल अशा भाषेत.